नव्वद लाख एकोणसत्तर हजार पाचशे एकोणसाठ

माझ्या नाकावर राग असतो, हे सांगलीतल्या आमच्या शाळेत पाचवीपासून दहावीपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. त्यातही एका चुकीवर माझा खास राग. एकोणसाठ लिही म्हटलं की काही पोरं ६९ लिहितात. 'एकोण' आलं की शेवटी नऊ येतो एवढं त्यांना पाठ असतं, आणि पुढं 'साठ' कानावर पडलं की हात आपोआप सहाकडे जातो. साठाला एक कमी, म्हणून पाच आणि नऊ, हे मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल त्याला गणती नाही. दुसरीच्या पुस्तकात 'पन्नास नऊ' असं वाचायची पद्धत आली, तेव्हा स्टाफरूममध्ये सगळ्यात जास्त मी भांडले होते. मराठी घरात वाढलेल्या माणसाला एकोणसाठ कळत नाही म्हणजे काय, असं मी तावातावानं विचारलं होतं. आता ते आठवलं की कानशिलं तापतात. ती चूक मीच केली, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, आणि तिची शिक्षा भोगली माझ्या वडिलांनी.

आबा आमच्या गावच्या पाणी सोसायटीची मोटर बघायचे. गाव कराडहून पाटणला जाताना लागतं, कोयनेच्या काठाला. शिक्षण सातवी, मग फौज, मग पेन्शन आणि दीड एकर ऊस. मोटरघर नदीच्या कडेला. वीज आठ तास, सभासद बावीस, प्रत्येकाचं रान वेगळ्या आकाराचं आणि वेगळ्या उताराचं. कुणाच्या उसाला किती तास पाणी आणि कुणाच्या मागून कुणी, ही पाळी आबा तोंडी ठरवायचे आणि मग वहीत उतरवायचे. भांडणं व्हायची, नाही असं नाही. पण आबांनी वही उघडली की भांडणारा गप्प बसायचा, कारण त्या वहीत मिनिटाची चूक कधी सापडली नव्हती. गावात आबांना जो मान होता, तो त्या वहीचा होता. ऊस तर सगळ्यांच्याकडंच होता.

मोटर चालू केली की तिच्याजवळ नुसतं बसून राहायचं काम. त्या बसण्यातून त्यांना भागाकाराचा नाद लागला. दिसेल त्या आकड्याला ते फोडून बघायचे. कुठल्याच आकड्यानं फुटत नाही अशा संख्येला ते आडमुठी म्हणायचे. आपण पुस्तकात मूळ संख्या म्हणतो त्या ह्याच. मी एकदा त्यांना तो शब्द सांगितला तर म्हणाले, "मूळ काय त्यात? कुणाचं ऐकत न्हाई, म्हंजे आडमुठाच की." मला तो शब्द इतका आवडला की मी वर्गातही वापरते. कुणी शिकवला ते मात्र मुलांना कधी सांगितलं नाही.

मोटरीवर पत्र्याची एक पट्टी होती आणि तिच्यावर मोटरीचा नंबर ठोकलेला होता: ९०६९५५९. रोज समोर तोच आकडा. एक दिवस आबांनी ठरवलं, हा आडमुठा आहे का नाही ते बघायचं. दोन, तीन, पाच, सात, अकरा हे तर जागच्या जागी निकालात निघाले. मग तेरा, सतरा, एकोणीस. कॅलेंडरचा महिना संपला की पान फाडून मागच्या कोऱ्या बाजूला ते भागाकार मांडायचे, रोज एक, फार तर दोन. आधी आडमुठ्या संख्यांची यादी स्वतःच केली. चारानं, सहानं भागून बघायची गरज नाही, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

दिवाळीत मी गावी गेले तेव्हा त्यांना चिडवलं. म्हटलं, "आबा, नव्वद लाखापतोर भागत बसणार व्हय?"

"नव्वद लाख कशाला?" ते म्हणाले. "तीन हजार अकरापतोर बघायचं. त्येच्या म्होरच्या मोठ्या आकड्यानं भाग गेला, तर उत्तर बारकं येनार. आन् बारकी समदी मी आधीच बघितल्याली असत्यात."

वर्गमुळापर्यंत तपासलं की पुरे, हे मी बी.एस्सी.ला शिकले. सातवी पास माणसानं ते मोटरघरात बसून शोधून काढलं होतं. मला अभिमान वाटला. तो मी बोलून दाखवला नाही. "बरोबर आहे" एवढंच म्हणाले, पेपर तपासताना म्हणते तसं.

इथं तात्यांबद्दल सांगायला हवं. तात्या म्हणजे आबांचे थोरले भाऊ. शेवटची चार वर्षं त्यांना घरातलं कुणी ओळखू येत नव्हतं. आबांनी त्यांना आंघोळ घातली, घास भरवले, चपला हातात घेऊन ओढ्याकडे निघाले की हाताला धरून परत आणलं. एकदा तात्यांनी आबांनाच विचारलं, "तुमी कुणाकडलं पावणं?" आबा मरणाला भीत नव्हते, पण ह्या एका गोष्टीला भीत होते. किल्ली कुठं ठेवली ते सापडेना झालं की त्यांचा चेहरा उतरायचा. मी कधीतरी विचारलं होतं, हे भागाकार कशासाठी. म्हणाले, "डोकं जाग्यावर हाय का न्हाई, ते रोजच्या रोज कळतंय."

तर तो फोन. मी व्हरांड्यात उभी होते. मधली सुट्टी संपल्याची घंटा होऊन गेली होती, एका हातात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता आणि वर्गात दंगा चालला होता.

"बाळ, येळ हाय का? एक भागाकार बघून दे की. लय दिसाचं काम हाय."

"सांगा पटकन."

"त्यो मोटरीचा आकडा. सत्तावीसशे तेरानं भाग जातोय का बघ. माझ्या हिशोबानं जातोय. उत्तर येतंय..."

"उत्तर नको, आकडा सांगा."

"नव्वद लाख एकोणसत्तर हजार पाश्शे एकोणसाठ."

गठ्ठा काखेत दाबून मी मोबाइलवर आकडे टाकले. एकोणसत्तर नुकतेच टाकले होते, सहा आणि नऊ. पुढं पुन्हा 'एकोण' आलं, 'साठ' आलं, आणि माझा अंगठा पुन्हा सहाकडे गेला. मी टाकलं ९०६९५६९. भागिले २७१३. उत्तरात दशांशचिन्ह दिसलं, तेवढंच मी पाहिलं.

"नाही जात आबा. अपूर्णांकात येतंय."

मग ते म्हणाले, "परत एक डाव बघतीस?"

घरी मी घरच्यासारखी बोलते, पण चिडले की तोंडात शाळेतली भाषा येते. "आबा, मोबाइल चुकत नाही. तुमचंच काहीतरी चुकलं असेल. वय झालं आता, कशाला डोक्याला ताप करून घेता? सोडा ते."

"बरं," ते म्हणाले. "बरं बाळ. जा तू, तुझा तास असंल."

मी वर्गात गेले आणि दंगा करणाऱ्यांना उभं केलं. फोन मी दहा मिनिटांत विसरले.

पुढचं मला आईकडून तुकड्यातुकड्यानं कळत गेलं, आणि त्या तुकड्यांचा त्या फोनशी संबंध आहे हे मला सुचलं नाही. महिन्याभरात आबांनी पाळीची वही सेक्रेटरीच्या हातात दिली. कारण विचारलं तर म्हणाले, "माझं आता चुकाय लागलंय. उद्या कुणाचं पीक वाळायचं." लोकांना आधी खरं वाटेना, मग वाटलं. माणूस स्वतःच म्हणतोय म्हटल्यावर कोण कशाला नाही म्हणेल? मग त्यांनी मोटारसायकलवरून मलकापूरला जाणं बंद केलं. मग भागाकार बंद केले. घरात काही ठरवायचं निघालं की म्हणायचे, "मला इचारू नका, माझं डोकं चालत न्हाई."

आणि मी काय केलं? मी म्हणाले, बरं झालं, आता आराम करा. मी त्यांना कराडला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी बऱ्याच गोष्टी विचारल्या आणि वयाच्या मानानं सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं. बाहेर आल्यावर आबा म्हणाले, "ठीक हाय असंच समद्यास्नी सांगत्यात. तात्यालाबी सांगितलं हुतं." मग मी त्यांना एक डायरी घेऊन दिली, रोजच्या गोष्टी लिहून ठेवायला. वर ती कशी लिहायची तेही समजावून सांगितलं, अगदी हळू, सोप्या शब्दांत, मठ्ठ मुलाला सांगावं तसं. त्यांनी मान डोलावली आणि डायरी घेतली. ज्या माणसानं बावीस जणांची पाळी डोक्यात ठेवली, त्याला मी 'गोळी घेतली' असं लिहायला लावलं. आणि त्यात माझ्या मनाला बरंही वाटलं, आपण वडिलांचं किती करतो म्हणून.

असं वर्ष गेलं. पुढच्या दिवाळीला मी गावी गेले आणि आईबरोबर स्वयंपाकघर आवरायला घेतलं. फळीवर भांड्यांखाली आई जुन्या कॅलेंडरची पानं घालते. डबे उतरवले आणि पान ओढलं, तर मागची बाजू वर आली. आबांचं अक्षर. भागाकार नव्हता, गुणाकार होता. २७१३ गुणिले ३३४३. खाली चार ओळी, बेरीज, उत्तर ९०६९५५९. शेजारी पुन्हा तोच गुणाकार, पुन्हा तेच उत्तर. खाली पुन्हा. मी मोजले, त्या एका पानावर नऊ वेळा. आठवा आणि नववा तर उलटा मांडला होता, ३३४३ वर आणि २७१३ खाली. सगळीकडे तेच उत्तर. सगळ्यात खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं:

'लेक म्हणती जात न्हाई. माझं चुकतंय. कुठं चुकतंय ते कळत न्हाई.'

मी मोबाइल काढला. ९०६९५५९ भागिले २७१३. उत्तर ३३४३, नुसतं, पुढं काही नाही. मग त्या दिवशी मला काय दिसलं होतं? कुठला आकडा चुकला असेल म्हणून एकेक बदलून पाहायला लागले आणि शेवटच्या पाचाच्या जागी सहा टाकला. ३३४३.००३६८ आलं. हेच ते दशांशचिन्ह. बाकी दहा उरत होती, ५९ आणि ६९ मधले दहा. दशांशचिन्हापुढं दोन शून्यं होती. उत्तर पूर्ण संख्येच्या इतकं जवळ येतंय म्हटल्यावर गणिताच्या कुठल्याही शिक्षकानं थांबायला हवं होतं. माझ्या वर्गातल्या एखाद्या पोरानं ते पाहिलं नसतं, तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

तिथंच फळीखाली बसून मी आणखी एक गोष्ट करून पाहिली, करायला नको होती. दोन वर्गांच्या वजाबाकीचं सूत्र मी आठवीला वर्षानुवर्षं शिकवते. संख्येच्या वर्गमुळाच्या वरचा आकडा घ्यायचा, त्याच्या वर्गातून संख्या वजा करायची, आणि उरलेला आकडा पूर्ण वर्ग येतो का पाहत एकेक पुढं जायचं. ३०१२ पासून निघाले. सतराव्या खेपेला ३०२८ आला. त्याच्या वर्गातून मोटरीचा आकडा गेला की ९९,२२५ उरतात आणि तो ३१५ चा वर्ग. ३०२८ मधून ३१५ काढले की २७१३, मिळवले की ३३४३. सतरा ओळींत काम संपलं. आबांनी तीनशे पंच्याण्णव आडमुठ्या संख्यांनी भागून पाहिलं होतं, तेव्हा तीनशे शहाण्णवावी लागू पडली होती. वर्षभर ते एकटे भागत बसले, आणि त्यांच्या पोटची गणिताची मास्तरीण त्यांच्याजवळ अर्धा तास बसून एक सूत्र सांगू शकली नव्हती. आईनं विचारलं, काय झालं गं? मी म्हटलं, काही नाही, धूळ गेली डोळ्यात.

आबा ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. मी पान त्यांच्यासमोर ठेवलं आणि सांगितलं, सगळं. एकोणसाठाचं एकोणसत्तर कसं झालं, तेही. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पेन दे."

शेंगांची पाटी बाजूला सारून त्यांनी दहाव्यांदा गुणाकार मांडला. वर्षभर पेन धरलं नव्हतं, डायरीपुरतं सोडून. हात हळू चालत होता, हातचा घेताना ओठ हलत होते. बेरीज झाली. उत्तराखाली त्यांनी दोन रेघा ओढल्या.

"बराबर हाय की," ते म्हणाले.

"बरोबरच होतं आबा. पहिल्यापासून."

"म्हंजे माझं डोकं..."

"काही झालं नव्हतं."

मला वाटत होतं, त्यांनी ओरडावं. फौजेतल्या शिव्या त्यांना भरपूर येत होत्या. पण त्यांनी एक शेंग उचलली, फोडली आणि दाणे माझ्या हातावर ठेवले. "आगं, एकोणसाठात समदीच चुकत्यात," म्हणाले. मग खाली बघत म्हणाले, "एक करशील? सोसायटीच्या मिटिंगला येऊन हे चारचौघांत सांगशील? मी सांगून कोण ऐकंल? समदी म्हणत्याली, म्हाताऱ्याला आता भास व्हतोय. तू सांगितलंस तर ऐकत्याली. तू मॅडम हायस."

"सांगते," मी म्हणाले.

मिटिंग महिन्यानं होती. मी गेले नाही. सहामाहीचे निकाल होते. त्यापुढच्या मिटिंगला प्रशिक्षण होतं. निकाल होते हे खरं, प्रशिक्षण होतं हेही खरं, आणि दोन्ही वेळा सकाळच्या एसटीनं जाऊन संध्याकाळी परत येता आलं असतं हेही तितकंच खरं. गावानं त्याच सोसायटीच्या पटांगणात शाल आणि नारळ देऊन माझा सत्कार केला होता, गावची पहिली गणिताची मॅडम म्हणून. तिथं उभं राहून मला एकोणसाठ कळला नाही, हे सांगायला माझा पाय निघत नव्हता. वडिलांना मी सहज वेडं ठरवू दिलं, पण स्वतःला ढ म्हणवून घ्यायची माझी तयारी नव्हती. आबांनी एकदाच आठवण केली. फोनवर, इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, "ऐतवारी मिटिंग हाय बरं का." मी म्हटलं, "बघते आबा." त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. आई म्हणाली, पुन्हा भागाकार मांडायला लागलेत, पण कुणी आलं की पान उलटं करून ठेवतात.

माघात आबा गेले. सकाळी चहा घेतला, ओट्यावर बसले आणि तिथंच कलंडले.

दहाव्याला नदीवर सगळे सभासद आले होते. मोटरघर तिथून दिसत होतं. विधी झाल्यावर जो तो आबांच्या आठवणी सांगायला लागला. सेक्रेटरी म्हणाले, "आबासारखा हिशोबाचा माणूस पुन्हा व्हायचा न्हाई. शेवटच्या वरस-दीड वरसात डोकं जरा हललं हुतं, त्येला इलाज न्हाई. वही सोताहून आणून दिली, म्हणाला माझं चुकतंय. तात्याचंच आलं म्हणायचं त्येच्यात. व्हय ना मॅडम?"

बावीस जण माझ्याकडे बघत होते. आबांनी मागितलेले चारचौघे, आयते जमलेले.

मी मान हलवली. व्हय म्हणून.

त्यानंतरही मी सोसायटीच्या मिटिंगला गेलेली नाही, आणि आता मोटरही नवीन बसवली आहे. पण माझं कबूल केलेलं काम राहिलंय, ते इथं करते, वाचणारे चारचौघे आहेत असं धरून. आमच्या पाणी सोसायटीच्या जुन्या मोटरीचा नंबर नव्वद लाख एकोणसत्तर हजार पाचशे एकोणसाठ होता. त्याला दोन हजार सातशे तेरानं भाग जातो. उत्तर तीन हजार तीनशे त्रेचाळीस येतं, आणि बाकी काही उरत नाही. हे माझ्या वडिलांनी हातानं काढलं होतं आणि ते बरोबर होतं. त्यांचं डोकं शेवटपर्यंत जाग्यावर होतं. चुकले होते ती मी.